घरी छापलेली क्यूएसएल कार्डं: एक अख्खा पावसाळा काढल्यावर

दोन हॅम (हौशी रेडिओ) स्टेशनांचा संपर्क झाला की त्याची खात्री म्हणून एकमेकांना पाठवायचं कार्ड म्हणजे क्यूएसएल कार्ड. आमच्याकडे ऑफसेट प्रेसवाला हजाराच्या खाली कार्डं छापायला तयार होत नाही. त्यात उद्या परवान्याची वरची परीक्षा पास होऊन माझा कॉलसाईन (स्टेशनचं सांकेतिक नाव) व्हीयू३ चा व्हीयू२ झाला, की उरलेला गठ्ठा रद्दीत. म्हणून उन्हाळ्यात घरच्याच इंक टँक प्रिंटरवर क्यूएसएल कार्डं छापायला घेतली. आता दिवाळी झाली, कोल्हापूरचा पावसाळाही मधे येऊन गेला, तेव्हा अनुभव लिहायला हरकत नाही.

खरी परीक्षा कागदाची. दुकानदार 'जाड आणि चकचकीत' म्हणून आर्ट कार्ड हातात देतो, पण ते ऑफसेटसाठी असतं. इंकजेटची शाई त्यात मुरत नाही, बोट लागलं की पसरते. ग्लॉसी फोटो पेपरवर समोरचं चित्र झकास येतं, मात्र मागची बाजू छपाईची नसते, आणि क्यूएसएल कार्डाचा जीव, म्हणजे संपर्काची नोंद, मागच्या बाजूलाच असतो. मी दोन्ही बाजूंनी कोटिंग असलेल्या २५० जीएसएमच्या मॅट इंकजेट कागदावर स्थिरावलो. तो मागच्या ट्रेमधून एकेक सोडायचा. कार्डाचं प्रचलित माप १४ बाय ९ सेंटिमीटर. उभी लावली तर ए४ वर बरोबर चार बसतात आणि चारही कडांना कटिंगपुरती जागा उरते. समोरची बाजू इंकस्केप या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये केली: पन्हाळ्याचा तीन दरवाजा, काळ्या दगडावर पांढरा कॉलसाईन. मॅट कागदावर फोटो गडद उतरतो, त्यामुळे स्क्रीनवर जरा फिकट वाटेल इतका उजळ ठेवावा लागतो.

जुलैत वेगळंच लक्षात आलं. माझ्या प्रिंटरची काळी शाई पिगमेंटची आहे, रंगीत शाई डायची. ओलं बोट लागलं तर आकाशाचा निळा रंग ओघळतो, काळी अक्षरं जागची हलत नाहीत. त्यामुळे संपर्काची सगळी माहिती निव्वळ काळ्यात छापायची, रंग फक्त फोटोला. उघडे राहिलेले कागद दमट हवेत वाकतात आणि मग कडेला हेड घासून काळे ओरखडे उठतात. उरलेला कागद सिलिका जेलच्या पुडीसह बंद पिशवीत ठेवला की हा त्रास थांबतो.

मागच्या बाजूचा मजकूर लॉगमधून, म्हणजे संपर्कांच्या नोंदवहीतून येतो. लॉगची एडीआयएफ फाईल (हॅम लॉगचा ठरलेला फाईल-प्रकार) स्प्रेडशीटमध्ये घेऊन लिब्रेऑफिसच्या मेल मर्जने (प्रत्येक नोंदीतून आपोआप कार्ड) छापतो. वेळेचा रकाना 'टेक्स्ट' ठेवणं फार गरजेचं आहे, नाहीतर ००३० ची ३० होते. तारखेत महिना अक्षरांत हवा, कारण ०४/०५ म्हणजे अमेरिकेत ५ एप्रिल आणि युरोपात ४ मे. वेळ अर्थातच यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ: आपल्याकडे १२ मार्चच्या पहाटे ४ वाजता झालेला संपर्क कार्डावर ११ मार्च, २२३० असा जातो. समोरच्याचा कॉलसाईन ठळक आणि वरच्या बाजूला असावा, ब्युरोत (कार्डं गठ्ठ्याने देशोदेशी पोचवणाऱ्या व्यवस्थेत) कार्डं लावणारे स्वयंसेवक तोच बघतात. सीक्यू झोन २२, आयटीयू झोन ४१ आणि ग्रिड एमके७६, म्हणजे स्टेशन जगात कुठे आहे ते सांगणारे संकेत, कायमचे छापलेले.

घरच्या छपाईचा सगळ्यात मोठा फायदा इथेच आहे. खाडाखोड केलेलं कार्ड डीएक्ससीसी या वेगवेगळ्या देशांशी केलेल्या संपर्कांच्या पुरस्कारासाठी बाद होतं. पेनाने भरताना एखादा आकडा गिरवला गेला की ते कार्ड समोरच्याच्या काही कामाचं राहत नाही. छापील माहितीत तो प्रश्नच येत नाही, आणि आपलं कार्ड म्हणजे कुणाच्या तरी पुरस्काराचा पुरावा आहे, हे मी फार मनावर घेतो.

लॉगबुक ऑफ द वर्ल्ड या ऑनलाइन सेवेवर दोघांनीही लॉग चढवला की खात्री लगेच मिळते, मग हा खटाटोप कशाला, असं रेडिओ क्लबातली तरुण मुलं विचारतात. एफटी८ या संगणकावरून चालणाऱ्या डिजिटल पद्धतीवरचे माझेही बहुतेक संपर्क तिथेच मिटतात. पण जपानी स्टेशनं आजही ब्युरोमार्फत हौसेने कार्डं पाठवतात, आणि त्यांच्या नेटक्या कार्डाला तेवढंच नेटकं उत्तर जायला हवं. ब्युरोचा प्रवास महिनोन्‌महिने चालतो, कार्डं गठ्ठ्यात एकमेकांवर घासतात. म्हणून छापल्यावर रात्रभर पसरून वाळवायची, मगच पोलादी पट्टी धरून कटरने कापायची. कात्रीने कापलेली कड कधीच सरळ येत नाही.

महिन्याला मोजकी कार्डं जात असतील तर घरची छपाई डोळे झाकून घ्या. मोठ्या कॉन्टेस्टनंतर (जास्तीत जास्त संपर्क करायच्या स्पर्धेनंतर) शेकड्यांनी पाठवणाऱ्यांनी मात्र समोरची रंगीत बाजू प्रेसमधून करून घ्यावी, मागची बाजू मॅट आणि कोरी मागावी, आणि तेवढीच घरी काळ्या शाईत छापावी. आधी प्रेसवाल्याकडून त्याच कागदाचा एक नमुना आणून आपल्या प्रिंटरवर शाई मुरते का ते बघावं.