वेंगुर्ल्याच्या बाजारातली फुलवाली काकी, वर्षभराचा अनुभव

आमचं वेंगुर्ल्यात छोटं होमस्टे आहे, तीन खोल्या, आणि गेलं वर्षभर रोजची फुलं मी बाजारात मासळीकडे वळायच्या आधी जी काकी बसते तिच्याकडनंच घेतेय. तिच्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. दुकानाला पाटी नाही, ऑनलाइन शोधून सापडणार नाही, दोन रोवळ्या, एक पाण्याची बादली आणि ओलं फडकं एवढाच पसारा, सोबत कधी सून असते. सकाळी सात वाजता बसते आणि दहाच्या आत बहुतेक सगळं संपलेलं असतं.

आधी मुख्य गोष्ट सांगते, इथे फूल ताजं मिळतं म्हणजे खरंच ताजं मिळतं. बहुतेक ठिकाणी मोगऱ्याच्या गजऱ्यावर पाणी मारून मारून कालचा माल आजचा करून देतात आणि घरी येईपर्यंत तो कडेनी तपकिरी झालेला असतो. काकीकडे पहिल्याच आठवड्यात मी घाईत एक वळेसर, म्हणजे केसात माळायचा गजरा, उचलला तर तिने हातातनं काढून घेतला, म्हणाली "बाय, ह्यो कालचो आसा, ह्यो घेव नको, थांब आजचो देतंय." त्या दिवसापासनं रोजच्या फुलांसाठी मी दुसरीकडे गेले नाहीये.

दुसरं म्हणजे ती मोसमाप्रमाणेच विकते. वर्षभर लाल गुलाब आणि जरबेरा पाहिजे असेल तर इथे येऊ नका, ते नाही मिळणार. अबोली जवळजवळ कायम असते, मोगरा उन्हाळ्यात, पावसात सोनटक्का आणि तगर, गणपतीच्या आगेमागे दूर्वा, शेंदरी जास्वंद. घाटावरनं येणारी शेवंती आणि झेंडू ती सणालाच ठेवते आणि विचारायच्या आधी स्वतःच सांगते की हे घाटावरचं आहे, एक दिवस जुनं असणार. सोनचाफा असेल तर दोन फुलं जास्त घ्या, एक देवाला आणि एक काचेच्या बाटलीत पाणी काठोकाठ भरून बूच घट्ट लावून ठेवायला, माझ्या ओसरीवरच्या बाटलीतलं फूल महिने झाले तरी तसंच पिवळं आहे आणि येणारा प्रत्येक पाहुणा आधी तिकडेच जातो.

सुरंगीचं मात्र वेगळं लिहायलाच पाहिजे. फेब्रुवारीपासनं साधारण एप्रिलपर्यंत हिचा हंगाम, आरवली, शिरोडा, आसोली या बाजूला झाडं आहेत, फूल थेट खोडाला आणि जाड फांद्यांना लगडतं आणि ऊन चढायच्या आत कळ्या काढाव्या लागतात, एकदा उमलली की मधमाश्यांचा नुसता घोंघाट. काकीची सून पहाटे घरच्या झाडावर चढते, आणि सातला रोवळीवरचं केळीचं पान बाजूला केलं की जो वास येतो तो समोरच्या चहाच्या टपरीपर्यंत जातो. वळेसर केळीच्या सोपाच्या, म्हणजे वाळलेल्या सालीच्या, दोऱ्यात दाट गुंफलेला असतो, मध्ये कुठे दोरा दिसत नाही. मी ६० रुपयाला घेतला होता आणि कोणी महाग म्हणत असेल तर त्या झाडाची उंची एकदा बघून या. वाळला तरी वास जात नाही, माझी आई तो साड्यांच्या घडीत ठेवायची, मी आता पाहुण्यांच्या चादरींच्या कपाटात ठेवते आणि चादरी घातल्या की लोक विचारतात कुठलं अत्तर मारलंय.

होमस्टेमुळे एक बघायला मिळालं, ते म्हणजे फुलाशी प्रत्येकाचं घरचं काहीतरी नातं असतंच. मार्चमध्ये मदुराईचं एक कुटुंब आलं होतं, त्यातल्या मावशींना घेऊन बाजारात गेले. मराठी त्यांना येत नाही, काकीला तमिळ नाही. मावशींनी अबोलीकडे बोट दाखवून "कनकांबरम" म्हणलं, काकी म्हणाली "अबोली", मग दोघींनी एकमेकींचा शब्द दोनदा म्हणून बघितला आणि हसल्या. त्यांच्याकडे मदुराईचा मल्ली म्हणजे मोगरा एवढा मानाचा की २०१३ साली त्याला जीआय टॅग, म्हणजे त्या भागाची खासियत म्हणून सरकारी मान्यता, मिळालाय, त्यामुळे त्यांनी आमचा मोगरा आधी बोटात धरून पाकळीची जाडी तपासली, मग सुट्या कळ्या मागितल्या, पायरीवरच बसल्या आणि दोन कळ्या इकडे दोन तिकडे करत गाठ मारत गेल्या, खाली न बघता. काकी आपलं गिऱ्हाईक सोडून त्यांच्या बोटांकडे बघत राहिली आणि मग स्वतःच्या पद्धतीने शेजारी बसून गुंफायला लागली. दोन्ही गजरे जवळजवळ सारखेच दिसत होते, फक्त गाठ वेगळी. पैसे काकीने घेतले नाहीत, त्या मावशींच्याच केसांत माळला.

दसऱ्याला गोव्याकडनं वर आलेली मेक्सिकोची एक मुलगी राहिली होती, माझ्या दारावरचं झेंडूचं तोरण बघून ती जागची हललीच नाही. झेंडू मूळचा त्यांच्याकडचाच, आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्यांच्या घरी गेलेल्या माणसांसाठी याच फुलांची आरास करतात, पाकळ्यांची वाट घालतात, रंग आणि वासावरनं त्यांना घर सापडावं म्हणून. तिने माझ्याकडनं दोन फुलं मागितली आणि फोनवर आजीचा फोटो लावून टेबलावर त्याच्यासमोर ठेवली. मला तेव्हापासनं तोरण करताना ती आठवते.

एक कामाची गोष्ट पण काकीकडनंच कळली. मे महिन्यात आमची फुलं एका दिवसात मान टाकायची, मला वाटलं उन्हामुळे. काकीने विचारलं आंबे कुठे ठेवलेत, तर त्याच खोलीत अढी घातलेली. म्हणाली "आंब्याच्या खोलयेत फुलां ठेव नको, सांजेक मान टाकतली." नंतर हॉलंडचं एक जोडपं आलं त्यांनी तेच सांगितलं, पिकणाऱ्या फळातनं इथिलीन वायू निघतो आणि त्याने फूल लवकर कोमेजतं, म्हणून त्यांच्याकडेही फुलदाणी फळांच्या भांड्यापासून लांब ठेवतात. त्यांच्या आल्समेरला फुलांचा मोठा लिलाव चालतो आणि तिथे भाव वरून सुरू होऊन खाली उतरत जातो, जो पहिला थांबवेल त्याला माल. काकीकडेही साडेनऊनंतर भाव उतरतोच, पण मी त्यासाठी थांबत नाही, चांगलं सगळं आधीच गेलेलं असतं.

तक्रार दोनच. चतुर्थीला मी माटवीसाठी, म्हणजे गणपतीच्या वर बांधतात त्या चौकटीसाठी, हरणं, शेरवड आणि कवंडळं ही रानातली फुलं-फळं आठ दिवस आधी सांगून ठेवली होती, तर आदल्या दिवशी फक्त हरणं मिळाली, बाकी दुसऱ्यांना गेली, मला भर पावसात दोन ठिकाणी फिरावं लागलं. तिने नंतर स्वतःहून चूक कबूल केली, पण सणाची ऑर्डर असेल तर सकाळी पहिल्यांदा जाऊन ताब्यात घ्याच. आणि दुसरं म्हणजे घरपोच फक्त बाजाराच्या आसपासच, सून स्कूटीवरून रोजची पुडी देते, २० रुपये, पण पाऊस जोरात असला की येत नाही.

तरी मी पाच पैकी पाच देईन, कारण याआधी मी एकदा पाहुण्यांच्या लग्नाच्या वाढदिवसाला शहरातनं ऑनलाइन गुच्छ मागवला होता, रात्रीच्या बसने आला, प्लास्टिक उघडलं तर आत सगळं काळवंडलेलं आणि पैसे परत मिळायला महिना गेला. त्या दिवशी काकीने दुपारी घरी येऊन तगर आणि अबोलीचा हार करून दिला होता, सोबत परसातली अनंताची दोन फुलं.

जाताना कापडी पिशवी किंवा डबा घेऊन जा, ती केळीच्या पानात बांधून देते, प्लास्टिक नाही. सुट्टे पैसे ठेवा. आठच्या आत गेलात तर मोगरा आणि सुरंगी मिळेल, नंतर अबोलीवर भागवावं लागतं, आणि मोसमात सुरंगी हवी असेल तर आदल्या संध्याकाळी सांगून ठेवा.