जीसेटिंग्स की डीकॉन्फ? दारापाशी झोपणारी स्क्रीन

नौपाड्यात काकांची अभ्यासिका आहे. आत उबुंटू लिनक्सचे सहा पीसी, आणि सातवा दारापाशी. त्याच्यावर दिवसभर बॅचचं वेळापत्रक लावलेलं. सात ठिकाणी तेच तेच क्लिक करायचा कंटाळा आला म्हणून मी टर्मिनल उघडलं. ग्नोमच्या, म्हणजे उबुंटूच्या डेस्कटॉपच्या, सेटिंग्ज बदलायला तिथे जीसेटिंग्सही आहे आणि डीकॉन्फही. दोन्ही शेवटी एकाच डेटाबेसला हात घालतात, मग काहीही वापरा, असं मला वाटलं होतं.

सुरुवात डीकॉन्फने केली, आणि खरं सांगायचं तर खूश होतो. एक मशीन मनासारखं लावायचं, डंप घ्यायचा (म्हणजे सगळ्या सेटिंग्ज एका फाइलीत उतरवायच्या), पेनड्राइव्हवरून बाकीच्यांवर लोड करायचा. आतले पीसी चहा गार व्हायच्या आत झाले.

अडलं ते दारापाशी. वेळापत्रक दिसत राहावं म्हणून सेशनमधली 'आयडल-डिले' (हात न लावता किती सेकंदांनी स्क्रीन झोपवायची ते; शून्य म्हणजे कधीच नाही) मी हाताने शून्य केली. डीकॉन्फने हूं की चूं केलं नाही. वाचून दाखव म्हटलं तर शून्यच दाखवतं. तरी पाच मिनिटं झाली की स्क्रीन काळी. काका माउस हलवायचे आणि आतूनच ओरडायचे, "झोपलं रे परत तुझं!" दोन संध्याकाळी मी केबल काढ-घाल करण्यात आणि मॉनिटरचा मेनू धुंडाळण्यात घालवल्या. मग सहज घरच्या मशीनचा डंप उघडला, तर तिथे याच सेटिंगपुढे 'यूइंट32 900' होतं. ते 'यूइंट32' (म्हणजे ऋण नसलेला पूर्णांक हा प्रकार) मी लिहिलंच नव्हतं. डीकॉन्फने माझं शून्य साधा पूर्णांक म्हणून ठेवून दिलं. ग्नोमने प्रकार जुळत नाही बघून ते बाजूला सारलं आणि मूळचे 300 सेकंद धरले. सगळं गुपचूप.

जीसेटिंग्स स्कीमा (सेटिंग्जची नावं आणि प्रकार सांगणारी यादी) बघून तेच शून्य योग्य प्रकारात बसवतं. सेटिंगचं नाव चुकलं तर असं काही नाहीच, हे तोंडावर सांगतं.

खोडी त्याच्याही आहेत. होम फोल्डरात टाकलेल्या एक्स्टेन्शनचा स्कीमा त्याला आपणहून सापडत नाही, फोल्डर दाखवावा लागतो. (सवयीने पुढे सुडो लावू नका; रूटच्या, म्हणजे प्रशासक खात्याच्या, सेटिंग्ज बदलतील, तुमच्या तशाच राहतील. हे दोघांनाही लागू.) आणि खिडकीतलं बटण नेमकं काय बदलतं हे शोधायला डीकॉन्फच्या वॉचसारखं (बदल होतील तसे दाखवणारा आदेश) सोयीचं मला दुसरं काही मिळालं नाही.

तुम्ही माझ्याइतके धांदरट नसाल, तर डीकॉन्फवरही सुखाने भागेल कदाचित. मी मात्र आता ते बघायला आणि उचलून न्यायलाच वापरतो. हाताने काही लिहायचं तर जीसेटिंग्स. तुमचीही एखादी सेटिंग अशी ऐकत नसेल, तर ती दोघांकडून वाचून घ्या. डीकॉन्फ '0' म्हणालं आणि जीसेटिंग्स 'यूइंट32 300', तर दुखणं हेच.