दोन बिजासन: माल इंदूरहून उडवायचा की मुंबईहून?

इंदूरकरांना बिजासन दोन माहीत. एक विमानतळाशेजारची टेकडी, नवरात्रात जत्रा भरते ती. दुसरा सेंधव्यापुढचा घाट, मुंबईला जाणारा प्रत्येक ट्रक तो उतरतो. पीथमपूर किंवा सांवेर रोडवरच्या कारखानदाराला परदेशातून घाईची ऑर्डर आली की प्रश्न या दोघींमधलाच असतो. माल टेकडीजवळून उडवायचा की घाट उतरवून सहारला, म्हणजे मुंबईच्या विमानतळावर न्यायचा?

बावीस वर्षं मी विमानानं माल पाठवायच्या बुकिंगचं हेच काम करतोय. परवा मावसबहिणीचा मुलगा ऑफिसात आला. पीथमपूरला तो इन्फ्युजन पंपांचे (रुग्णाच्या शिरेतून ठरावीक वेगानं औषध देणारी यंत्रं) प्लास्टिकचे सुटे भाग बनवतो आणि जर्मनीहून पहिली ऑर्डर मिळालीय. "मामा, घराजवळ विमानतळ असताना मुंबई कशाला?" असं त्याचं म्हणणं. त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितो, कारण दर महिन्याला कुणी ना कुणी हेच विचारतं.

विमानतळ जवळ असणं वेगळं आणि आपल्या मालाचं विमान जवळ असणं वेगळं. इंदूरहून थेट परदेशी सेवा जुलै २०१९ मध्ये दुबईला सुरू झाली, २०२३ पासून ती शारजाला जाऊ लागली. या मार्गावरची विमानं अरुंद धडाची. बोइंग ७३७ च्या पोटातल्या मालाच्या कप्प्याचा पुढचा दरवाजा साधारण १२२ सें.मी. रुंद आणि ८९ सें.मी. उंच असतो. पॅलेट, म्हणजे फळीवर एकत्र बांधलेला खोक्यांचा गठ्ठा, आत जात नाही, एकेक खोकं हातानं सरकवावं लागतं. त्यात प्रवाशांच्या बॅगा आधी. विमान भरलेलं असलं आणि मे महिन्याची दुपार असली की वजन कमी करावं लागतं, मग पहिला ऑफलोड होतो, म्हणजे खाली उतरवला जातो, तो आपला माल. जर्मनीला जायचं तर आखातात उतरवून पुन्हा चढवणं आलंच.

देशातल्या देशात मात्र इंदूरसारखी सोय नाही. पुण्याच्या गाडी कारखान्याची लाइन एका सुट्या भागासाठी अडली असेल, हैदराबादला औषधाचे नमुने द्यायचे असतील, तर सकाळी दिलेला डबा संध्याकाळी पोचतो. अशा कामाला मुंबईचा विचारही करू नये.

सहारची ताकद रुंद धडाच्या विमानांत आहे. त्यांच्या पोटात १६० सें.मी. उंचीपर्यंतचं पॅलेट जातं, युरोपला थेट उड्डाणं आहेत. एका कंपनीकडे जागा नसली तर दुसरीकडे विचारता येतं, म्हणून दरातही घासाघीस होते. औषधांसाठी शीतगृहं आहेत. पण किंमत फक्त किलोमागच्या दराची नाही. जवळपास ५८५ किलोमीटरची रात्र, पावसाळ्यात कसारा घाट, मुंबईत गर्दीच्या वेळी अवजड गाड्यांना बंदी, आणि कटऑफ, म्हणजे विमानासाठी माल देण्याची शेवटची वेळ, हुकला तर गाडीचं खोळंबा भाडं.

थंड मालाबद्दल एक अनुभव सांगतो. २ ते ८ अंशांत ठेवायची औषधं होती, महिना मेचा. माल घेणाऱ्यानं आतल्या डेटा लॉगरचा, म्हणजे तापमान नोंदवत राहणाऱ्या छोट्या यंत्राचा, आलेख आम्हाला पाठवला. इंदूरपासून रात्रभर रेघ ५ अंशांवर सरळ होती, घाटातसुद्धा हललेली नव्हती. पहाटे सहारला माल उतरवताना ती वर चढली आणि १३ ला टेकली. रीफर, म्हणजे माल थंड ठेवणारी गाडी, ठीक होती. पॅलेट फलाटावर दोन तास चाळीस मिनिटं उघड्यावर राहिलं, कारण कागदातल्या एका आकड्यासाठी सही हवी होती आणि सही करणारा इंदूरला होता. सगळा लॉट परत आला. त्या कारखान्यात ती औषधं बनवणाऱ्या मुलींचे चेहरे अजून आठवतात.

तेव्हापासून माझा कल मधल्या वाटेकडे आहे. कस्टमची तपासणी इथेच करून घ्यायची, सील लावलेल्या बॉण्डेड (कस्टमच्या ताब्यातला माल नेणाऱ्या) ट्रकनं माल मुंबईला न्यायचा आणि तिथून चढवायचा. शिपिंग बिलात, म्हणजे कस्टमला द्यायच्या निर्यातीच्या कागदात, चूक निघाली तर इथे माणूस स्कूटरवर अर्ध्या तासात सही घेऊन येतो. विमान मुंबईचं, कागद घरचे.

नागपूरचं काय, असंही विचारतात. अंतर सुमारे ५०० किलोमीटर, म्हणजे मुंबईपेक्षा फार काही वाचत नाही. मिहानची, म्हणजे तिथल्या विमानतळाभोवतीच्या प्रकल्पाची, कल्पनाच मुळी मालवाहतुकीच्या केंद्राची होती, त्यासाठी २००२ मध्ये कंपनीही स्थापन झाली. पण तिथे नाव झालं ते आयटीचं आणि विमानदुरुस्तीचं. मला यात नवल वाटत नाही. धावपट्टी बांधली म्हणून माल येत नाही. चीनमध्ये झेंगझौला आधी २०१० मध्ये फॉक्सकॉनचे फोनचे कारखाने आले, रोज हजारो किलो महागडा आणि हलका माल तयार होऊ लागला, मग मालवाहू विमानं रांगेनं उतरू लागली. नैरोबीला तेच काम फुलांनी केलं. उलट फिलिपिन्सच्या सुबिकला १९९५ मध्ये फेडेक्सनं आशियातलं केंद्र उघडलं, आणि चीनमधला माल वाढला तसं २००९ मध्ये ते ग्वांगझौला हलवलं. कंपनी विमानं घेऊन गेली, धावपट्टी तिथेच राहिली. इंदूरला मालवाहू विमान हवं असेल तर पीथमपूरच्या औषधवाल्यांनी आणि सुट्या भागांवाल्यांनी आठवड्याचा माल एकत्र करून भरवशाचं वजन दाखवायला हवं. मागणीचं निवेदन देण्याआधी हे व्हावं, अशी माझी कळकळीची इच्छा आहे.

समुद्राबद्दल थोडक्यात. जगाच्या व्यापारात विमानानं जाणारा माल मूल्यानं सुमारे ३५ टक्के, वजनानं १ टक्क्याहूनही कमी. तुमचा माल त्या एका टक्क्यातला नसेल तर पीथमपूरजवळच्या टिहीच्या डेपोतून कंटेनर रेल्वेनं न्हावाशेवा बंदराला पाठवा. सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेला ३०९ किलोमीटरचा इंदूर-मनमाड मार्ग झाला की हे आणखी सोपं होईल. नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झाला आहे. नाशिककडून येणारी गाडी भिवंडी-कल्याणवरून पनवेलकडे वळू शकते, त्यामुळे तिथल्या परदेशी उड्डाणांवर लक्ष ठेवा.

भाच्याचं काय ठरलं? त्याला आधी खोकं मोजायला लावलं. १२० × १०० × ११० सें.मी., वजन १४० किलो. विमानाचं भाडं घनफळावरही लागतं. तिन्ही मापांचा गुणाकार करून ६००० नं भागायचं, उत्तर २२० किलो. म्हणजे ८० किलो हवेचं भाडं तो भरणार होता, वर उंचीमुळे ७३७ चा दरवाजाही बंद. त्यानं ट्रे एकात एक बसतील असे करून घेतले, उंची ८० वर आली, भाड्याचं वजन १६०. आता खोकं दोन्हीकडून जाऊ शकतं. पहिली खेप त्यानं मधल्या वाटेनं पाठवायचं ठरवलंय, कस्टम इथे आणि विमान सहारचं. नमुन्याचा एक डबा टेकडीजवळून शारजामार्गे जाईल. दोन्हींत लॉगर ठेवायला सांगितलंय.