बीएमडब्ल्यू ३२८: खोलून ठेवलेली घ्यावी की धावती?

१९३६ ते १९४० या काळात जर्मनीतल्या आयझेनाखच्या कारखान्यातून बीएमडब्ल्यू ३२८ या स्पोर्ट्स गाड्या जेमतेम ४६४ बाहेर पडल्या. आज घ्यायची तर दोन वाटा: कुणीतरी हौसेने खोलून अर्धवट सोडलेली, नाहीतर धावती.

धावती महाग, पण चालवून बघता येते. चकचकीत रंगाखाली काय दडलंय, ते मात्र विकणाराच जाणे.

अर्धवट गाडीत झाकपाक नसते. पत्र्याखालची लाकडी चौकट अंगठ्याने दाबली की कुजकी जागा लगेच हाताला लागते. खरी मेख इंजिनात. १९७१ सीसी, सहा सिलिंडर, तीन सोलेक्स कार्बोरेटर, सिलिंडरांवर झाकणासारखं बसणारं अ‍ॅल्युमिनियमचं हेड. व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, म्हणजे कॅमशाफ्ट, एकच, त्यामुळे पलीकडचे व्हॉल्व्ह उघडायला हेडवरून आडवे पुशरॉड, म्हणजे ढकलणाऱ्या काड्या. खोक्यांत हे हेडच नसेल तर स्वस्ताई तिथेच संपली! दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिस्टल या ब्रिटिश कंपनीने याच रचनेवरून इंजिन बनवलं, आणि काही ३२८ मध्ये तेही बसवलेलं सापडतं. तेव्हा आधी इंजिनाचा नंबर ताडून पाहा, मग भाव करा.

माझा कौल अर्धवट गाडीला, पण चासी (गाडीचा सांगाडा), इंजिन आणि हेड मूळचं असेल तरच. बॉनेटचे चामडी पट्टे, सीट वगैरे नंतर करवून घेता येतं.