हाडांसाठी के जीवनसत्त्व: के२-७ची गोळी की नाशिकच्या गंगाघाटावरची जुडी?

मेडिकलमध्ये कॅल्शियम मागितलं की हल्ली मिळणाऱ्या पट्टीवर बहुधा 'के२-७' (के जीवनसत्त्वाचा एक प्रकार, यालाच एमके-७ म्हणतात) लिहिलेलं असतं. पन्नाशीनंतर हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा स्कॅनमध्ये हाडं जरा विरळ निघाली की प्रश्न पडतोच: ही गोळी रोज घ्यायची, की पालेभाजीवर भागेल? दोन्ही करून पाहिल्यावर माझा कल भाजीकडे गेला.

तरी गोळीची बाजू कमकुवत नाही. एमके-७ रक्तात बरेच दिवस टिकतं, पालेभाजीतला के-१ हा दुसरा प्रकार काही तासांत उतरतो. पालकातलं के-१ गोळीतल्या के-१च्या तुलनेत जेमतेम ४ ते १७ टक्के शोषलं जातं. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या डच चाचणीत पाळी गेलेल्या २४४ स्त्रियांना तीन वर्षं रोज १८० मायक्रोग्रॅम एमके-७ किंवा नुसती दिखाऊ गोळी दिली होती. एमके-७ घेणाऱ्यांच्या कण्याची आणि मांडीच्या हाडाच्या मानेची घनता कमी घसरली, पूर्ण खुब्याच्या मापात मात्र फरक पडला नाही. त्याआधी २०१०च्या नॉर्वेतल्या चाचणीत रोज ३६० मायक्रोग्रॅम एमके-७ देऊनही वर्षभरात काही फायदा दिसला नव्हता. म्हणजे पुरावा दोन्हीकडचा आहे.

मला खटकलं ते वेगळंच. के२-७ आपल्याकडे सहसा एकटं मिळत नाही, ते कॅल्शियमला जोडून येतं. समजा एका गोळीत ४५ मायक्रोग्रॅम के२-७ आणि ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम आहे. चाचणीतले १८० गाठायचे तर चार गोळ्या, म्हणजे २००० मिलिग्रॅम कॅल्शियम, आणि दूध-दही-नाचणीचं वेगळंच. एकच गोळी घेतली तर मात्रा चाचणीच्या पाव पट. एक वाढवायचं तर दुसरंही वाढतं. त्यात कॅल्शियम कार्बोनेट असेल तर ते जेवणासोबतच घ्यावं लागतं, थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब ठेवावं लागतं, लोहाच्या गोळीशीही पटत नाही, आणि अनेकांना बद्धकोष्ठ होतो. घरातल्या बाईला थायरॉइड आणि लोह दोन्ही चालू असेल तर दिवसाचं वेळापत्रकच या गोळीभोवती फिरतं.

भाजीत ही बांधाबांध नाही. अमेरिकेत रोजची पुरेशी मात्रा स्त्रियांना ९० आणि पुरुषांना १२० मायक्रोग्रॅम धरतात. हा आकडा लोक खातात त्या अन्नावरूनच काढलेला आहे, त्यामुळे कमी शोषणाची वजावट पुन्हा करायची गरज नाही. १०० ग्रॅम पालकात सुमारे ४८० मायक्रोग्रॅम के, कोथिंबिरीत ३१०, कोबीत ७५. वीस ग्रॅम कोथिंबीर, म्हणजे वरून भुरभुरण्यापेक्षा जास्त, चांगली मूठभर, साठेक देऊन जाते. नाशिकची शान असलेला कांदा इथे जवळजवळ शून्य आणि द्राक्षं १५च्या आसपास, पण त्याच कांद्याची पात २००च्या घरात. शेंगदाणा तेलात के नगण्य असतं, सोयाबीन तेलाच्या एका मोठ्या चमच्यात २५ मायक्रोग्रॅम.

बिघडतं ते करण्यात. के चरबीत विरघळतं, म्हणून नुसत्या उकडलेल्या भाजीतलं बरंचसं वाया जातं. माणशी निदान चमचाभर तेल किंवा दाण्याचं कूट हवंच. उष्णतेने के फारसं जात नाही आणि पाण्यातही उतरत नाही. म्हणून मुतखड्याचा त्रास असलेल्याने पालक दोन-तीन मिनिटं उकळून ते पाणी फेकावं: खडा बनवणारं ऑक्सॅलेट कमी होतं, के राहतं. पालकातलं कॅल्शियम मात्र फारसं अंगी लागत नाही, ते ताकातून घ्यावं. दात नसलेल्यांसाठी बेसन लावून ताकातली पातळ भाजी करावी, वरून लसणाची फोडणी. के आणि कॅल्शियम, दोन्ही कामं होतात.

भाजीची खरी अडचण पावसाळ्यात. जुडी चिखलाची येते, तीन पाण्यांतून काढावी लागते, निम्मी सडकी निघते, आणि कोथिंबिरीचे भाव तर बोलायलाच नकोत. तेव्हा कोबी आणि कांद्याची पात यांवर राहावं.

रक्त पातळ ठेवायला वॉरफेरिन किंवा असिनोकुमारॉल चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय के२-७ची गोळी सुरू करू नये. थोड्या मात्रेनेही आयएनआर (रक्त गोठण्याचं माप) हलू शकतो. अशांनी पालेभाजी बंद करायची नसते, दर आठवड्याला साधारण सारखीच ठेवायची असते. पित्ताचा किंवा शोषणाचा आजार असेल तिथे गोळीला पर्याय नसेलही. आणि डेक्सातला टी-स्कोअर (हाडांच्या घनतेचा आकडा) उणे २.५ किंवा त्याखाली असेल तर ना गोळी, ना जुडी. तिथे हाडांचं खरं औषधच लागतं.

बाकीच्यांनी गंगाघाटावरच्या बुधवारच्या बाजारातून पालक आणि मेथीची एकेक जुडी, कोथिंबीर आणि एक कोबी आणावा. कोथिंबीर न धुता, कोरड्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवावी. पालक-मेथी शुक्रवारपर्यंत संपवावी, कोबी मंगळवारपर्यंत पुरतो.