साडेतेरा हजारांचा पहारा: एका चिनी सीसीटीव्ही संचाचे परीक्षण

चार कॅमेरे, रेकॉर्डर, एक टेराबाइटची हार्ड डिस्क, वायर आणि बसवणावळ असे सगळे मिळून साडेतेरा हजार रुपये, ही या संचाची किंमत. त्याच तोडीचा भारतीय शिक्क्याचा संच म्हापशाच्या त्याच दुकानात पाच-सहा हजारांनी महाग होता, आणि दुकानदाराने दोन्हींचे चित्र शेजारी शेजारी लावून दाखवले तेव्हा चिनी चित्र उघड उघड सरस होते. डिचोलीच्या आमच्या घरी दिवसा आई एकटी असते आणि मागे काजूची बाग आहे, त्यामुळे पहारा हवाच होता. एप्रिल 2025 पासून सरकारमान्य प्रयोगशाळेतील सुरक्षा चाचणीशिवाय असे कॅमेरे विकता येत नाहीत. हा संच त्याआधी घेतलेला आहे. तरीही वापरलेला संच स्वस्तात मिळतो आहे, घ्यावा का, असे विचारणारे गावात पुष्कळ असल्यामुळे हे लिहीत आहे. कंपनीचे नाव देत नाही, कारण प्रश्न एका कंपनीपुरता नाही.

वस्तू म्हणून संच उत्तम आहे. अमावास्येच्या रात्री तुळशीवृंदावन, पायवाट आणि फाटकाची कडी लागली आहे की नाही इतके स्पष्ट दिसते. पावसाळ्यातील दमट हवेने स्क्रू गंजले, कॅमेरे मात्र गंजले नाहीत. तक्रार करावी अशी गोष्ट एकच: भिंगासमोर कोळ्याने जाळे विणले की रात्रभर मोबाइलवर इशारे येत राहतात, आणि कोळी आमच्याकडे बारमाही असतात. वीज गेल्यावर रेकॉर्डर इन्व्हर्टरवर चालतो, त्याबद्दल काही म्हणायचे नाही.

पहिल्यांदा सुरू केला तेव्हा रेकॉर्डरचे घड्याळ अडीच तास पुढे होते. कारखान्यातून येताना त्यात बीजिंगची वेळ भरलेली असते. सेटिंगमध्ये ती बदलता येते, दोन मिनिटांचे काम आहे; पण एवढ्या रुंद देशात 1949 नंतर सर्वत्र हीच एक अधिकृत वेळ चालते, आणि दूर पश्चिमेच्या शिनजियांगमध्ये सूर्याप्रमाणे दोन तास मागे घड्याळ लावणारे उइघुर मुसलमान आपली वेगळी वेळ खासगीत पाळत आले आहेत. ज्या तंत्रावर माझ्या अंगणाचा पहारा चालतो, ते मोठ्या प्रमाणावर पारखले गेले ते याच शिनजियांगमध्ये. तेथील उइघुरांवरच्या पाळतीत हातभार लावल्याचा ठपका ठेवून अमेरिकेने ऑक्टोबर 2019 मध्ये हिकव्हिजन आणि दाहुआ या हांगझौच्या दोन बड्या कॅमेरा कंपन्यांना निर्बंधांच्या यादीत टाकले. माझा संच या दोघींचा नाही, परंतु तो त्याच बाजारपेठेत आणि त्याच कायद्याखाली घडलेला आहे.

तो कायदा म्हणजे चीनचा 2017 चा राष्ट्रीय गुप्तवार्ता कायदा. त्याच्या सातव्या कलमाप्रमाणे प्रत्येक संस्थेने आणि नागरिकाने सरकारच्या गुप्तवार्ता कामाला साहाय्य करणे बंधनकारक आहे. मोबाइलवरील ॲप उघडताना ते आपला क्रमांक, ठिकाण आणि फोनमधील संपर्क मागते. अंगणातील चित्र कंपनीच्या सर्व्हरमार्फत आपल्या हाती येते, आणि तो सर्व्हर कोठे आहे हे खोक्यावर कोठेही छापलेले नाही. आमच्या काजूंवर बीजिंगमध्ये कोणी नजर ठेवील असे मला मुळीच वाटत नाही. मात्र सरकारी संस्थांतील सुमारे 10 लाख कॅमेरे चिनी कंपन्यांचे असल्याचे 2021 साली संसदेत सांगण्यात आले होते, आणि तेथे प्रश्न काजूंचा नसतो.

आता या स्वस्ताईविषयी थोडे सविस्तर, कारण खरी सत्ता तिच्यात आहे, आणि डिचोलीकरांना ती नवी नाही. या शतकाच्या पहिल्या दशकात चीनच्या पोलाद कारखान्यांची भूक वाढली आणि पूर्वी डंपवर टाकून दिल्या जाणाऱ्या आमच्या हलक्या प्रतीच्या लोहखनिजालाही भाव आला. साखळी-डिचोलीच्या रस्त्यांवर ट्रकांच्या रांगा लागल्या, मांडवीत बार्ज मावेनात, आणि 2010-11 साली गोव्याच्या बंदरांतून पाच कोटी टनांहून अधिक खनिज बाहेर गेले. 2012 साली बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल आला, राज्य सरकारने आणि नंतर सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या, त्या बेकायदा उत्खननामुळे. त्याचा दोष चीनकडे जात नाही. पण तो बेफाम वेग आला तो एकाच मोठ्या गिऱ्हाइकामुळे, आणि त्या वर्षांत विहिरी आटल्या, भातशेतीत लाल गाळ शिरला, तरी किती पुढाऱ्यांनी तोंड उघडले, हे ज्याचे त्याने आठवून पाहावे. ज्याच्यावर पोट चालते त्याच्याविरुद्ध बोलायला माणूस कचरतो, आणि त्यासाठी कोणाला धमकी द्यावी लागत नाही.

देशांचेही तसेच होते. शिनजियांगमधील उइघुरांच्या दडपशाहीच्या प्रश्नावर 2019 साली 22 देशांनी संयुक्त राष्ट्रांकडे निषेधाचे पत्र दिले, तेव्हा चीनची पाठराखण करणारे पत्र 37 देशांचे होते, आणि त्यांत सौदी अरेबिया व पाकिस्तानही होते. ऑक्टोबर 2022 मध्ये मानवाधिकार परिषदेत या विषयावर नुसती चर्चा घ्यावी, असा ठराव आला आणि तो 17 विरुद्ध 19 मतांनी पडला. अकरा देश तटस्थ राहिले, त्यांत भारत होता. ज्या देशाशी सीमेवर आपले सैन्य समोरासमोर उभे होते, त्याच्याविषयी आपण ‘चर्चा करा’ असेही म्हटले नाही. त्याला आपल्या परराष्ट्र धोरणाची स्वतःची कारणे असतील. पण 2024-25 मध्ये चीनशी आपली व्यापारी तूट सुमारे 99 अब्ज डॉलर होती, हेही सोडून देता येत नाही.

माल घेणाऱ्या सरकारांना आणखी एक मोह असतो. युगांडाने सुमारे 12.6 कोटी डॉलर खर्चून हुआवे या चिनी कंपनीकडून कॅमेऱ्यांचे जाळे उभारले, ते गुन्हेगारी रोखण्यासाठी. 2020 च्या नोव्हेंबरमध्ये विरोधी नेत्याच्या अटकेनंतर निदर्शने झाली, तेव्हा निदर्शकांना हुडकण्यासाठीही ते वापरले गेले. कॅमेरा विकणाऱ्याने तसा हुकूम सोडला नव्हता. साधन हाताशी होते आणि सरकारला इच्छा झाली, एवढेच.

अमेरिका धुतल्या तांदळासारखी आहे असे कोणी समजू नये. 2013 साली तिच्याच गुप्तवार्ता यंत्रणेत काम केलेल्या एडवर्ड स्नोडेनने फोडलेल्या कागदपत्रांतून तिची जगभरची पाळत उघड झाली. फरक इतकाच, की ती माहिती तिथल्याच वृत्तपत्रांनी छापली आणि 2015 साली तिथल्याच अपील न्यायालयाने फोनच्या नोंदी सरसकट गोळा करणे बेकायदा ठरवले. हाँगकाँगमध्ये 30 जून 2020 रोजी राष्ट्रीय सुरक्षा कायदा लागू झाला आणि वर्षाच्या आत ‘ॲपल डेली’ हे चीन सरकारवर टीका करणारे दैनिक बंद पडले. हा फरक मला लहान वाटत नाही. आणि भारतीय शिक्क्याचा संच घेतला की सगळे निभावले असेही नाही: त्यातील चिप वर्षानुवर्षे चीनमधूनच येत होती, आणि 2023 च्या आपल्या विदा (डेटा) संरक्षण कायद्यात सरकारी यंत्रणांना सवलतीच्या मोठ्या वाटा ठेवलेल्या आहेत.

तर घ्यावा का? घरासाठी वापरलेला संच स्वस्तात मिळत असेल तर घ्यावा, पण रेकॉर्डर इंटरनेटला जोडू नये. हार्ड डिस्कवर चित्र साठते, टीव्हीवर बघता येते, आणि दुबईहून घर बघण्याची हौस नसेल तर त्यापलीकडे काही लागत नाही. जोडायचाच असेल तर कारखान्याचा पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा, ॲपला संपर्कांची परवानगी देऊ नये, आणि कॅमेरा घराच्या आत तर कदापि लावू नये. पंचायत, शाळा किंवा दवाखान्याने मात्र पाच-सहा हजार जास्त मोजून चाचणी झालेलाच संच घ्यावा. तिथे स्वस्ताईचा मोह परवडणारा नाही.

आमच्या देवस्थानच्या समितीलाही हाच संच हवा होता. एका काकांचे म्हणणे, सभामंडपातही एक कॅमेरा असावा आणि महाजनांच्या बैठकीत कोण काय बोलतो तेही टिपले जावे, म्हणजे मागाहून कोणी शब्द फिरवणार नाही. यावर बरीच वादावादी झाली. शेवटी ठरले ते असे: एक कॅमेरा फंडपेटीवर, एक फाटकावर, सभामंडपात नाही, आवाजाची नोंद बंद, पंधरा दिवसांनी जुने चित्र आपोआप पुसले जाईल, आणि पासवर्ड अध्यक्षांकडे अर्धा व खजिनदारांकडे अर्धा. काका अजून रुसलेले आहेत.