फिलिपाईन ईगल सेंटर, दावाओ: अख्खी सकाळ ठेवा यासाठी

फिलिपिन्समधल्या दावाओला जाणार असाल तर मालागोसच्या ईगल सेंटरला निदान अर्धा दिवस द्याच. टूरवाले तासाभरात उरकतात, आमच्याही टूरवाल्याचा तोच प्लॅन होता, फोटो काढा आणि बसा गाडीत, पण आम्ही हट्टाने मागे थांबलो आणि खूप बरं झालं.

झू समजून गेलात तर जागा लहान वाटेल. १९८७ ला स्थापन झालेलं फिलिपाईन ईगल फाउंडेशन हे चालवतं आणि मुख्य काम आहे जखमी गरुडांवर उपचार, पिल्लं वाढवणं, जमलं तर परत जंगलात सोडणं. "गरुड कमीच दिसले" अशी तक्रार करणाऱ्यांसाठी सांगते, ब्रीडिंगचे गरुड आता गर्दीपासून लांब, टोरिलच्या ईडन भागात हलवलेत, रोगराई आणि माणसांचा त्रास नको म्हणून. योग्यच केलं.

आता पक्ष्याबद्दल, म्हणजे फिलिपाईन ईगल या गरुडाबद्दल. बराच वेळ काहीच होत नाही, जवळपास मीटरभर लांबीचा, पंख पसरले तर दोन मीटर भरतील असा पक्षी फांदीवर नुसता बसून असतो. मग कुठेतरी खुट्ट होतं आणि डोक्यामागची लांब पिसं ताठ उभी राहतात, निळसर करडे डोळे सरळ तुमच्यावर रोखलेले, आणि मान वळवली की कळतं चोच बाजूने केवढी रुंद आहे पण समोरून बघितली तर सुरीच्या पात्यासारखी चपटी. आवाज मात्र बारीक, लांबलचक शिट्टी. मी तर बघतच राहिले.

गाईड नक्की घ्या, त्यांच्याशिवाय यातलं अर्धंसुद्धा कळणार नाही. पाग-आसाची गोष्ट विचारा, १९९२ ला इथे कृत्रिम रेतनातून जन्मलेलं पिल्लू, माणसांच्या हातात वाढलं म्हणून आपल्या केअरटेकरलाच जोडीदार मानायचं, २०२१ ला गेला तेव्हा जवळजवळ २९ वर्षांचा होता. एवढा खटाटोप कशाला, तर या गरुडांची एक जोडी साधारण दोन वर्षांतून एकच अंडं घालते आणि पिल्लू वर्ष-दीड वर्ष आईबापांवरच अवलंबून असतं. म्हणजे एक मोठा गरुड मेला की ती जागा भरून निघायला किती वर्षं लागणार, विचार करा!

आणि पिल्लं वाढवली तरी सोडायची कुठे हा खरा प्रश्न आहे. एका जोडीला हजारो हेक्टर जंगल लागतं, उंच लावानची झाडं घरट्यासाठी, उदमांजरं, घोरपडी, कागवांग (झाडांवरून तरंगत जाणारा एक सस्तन प्राणी) खायला. ती झाडं लाकडासाठी आणि शेतीसाठी तोडली गेली, आता जगभरात मिळून ४०० च्या आसपास जोड्या उरल्याचा अंदाज आहे आणि त्या फक्त फिलिपिन्समध्येच. त्यात बंदुका. पामाना नावाच्या मादीला गोळी लागली होती, तिला वाचवून, बरी करून २०१५ च्या जूनमध्ये हामिगितान डोंगराच्या जंगलात सोडलं आणि दोनच महिन्यांत ती परत गोळीनेच मेली. कायदा आहे, २००१ चा, १२ वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि १० लाख पेसोपर्यंत दंड, पण एवढ्या दाट डोंगरात नजर कोण ठेवणार? म्हणून फाउंडेशन जंगलात राहणाऱ्या आदिवासी लोकांनाच फॉरेस्ट गार्ड म्हणून तयार करतं, घरटी कुठे आहेत ते त्यांनाच सगळ्यात आधी कळतं. मला सेंटरच्या सगळ्या कामात हे सगळ्यात महत्त्वाचं वाटलं, पिंजऱ्यांपेक्षाही.

बाकी प्रॅक्टिकल: सकाळी लवकर जा, छत्री ठेवा, फ्लॅश अजिबात नको, काचेवर-जाळीवर टकटक करू नका आणि मुलं ओरडत असतील तर प्लीज थोडं लांब न्या, हे पक्षी आधीच खूप काही सोसून इथे आलेत. खिशाला परवडत असेल तर एखादा गरुड दत्तक घेता येतो, त्याच्या खाण्यापिण्याला आणि देखभालीला मदत होते, काउंटरवर विचारा. माझ्याकडून ५ पैकी ५.